भिंतीवरच्या दोन बायका

योहान झोफनीचं १७७१-७२ मधलं एक चित्र आहे, नेटवर शोधून बघाच. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीचे सभासद एका खोलीत जमलेत, पुढ्यात नग्न पुरुष मॉडेल, आणि मंडळी गप्पांत रंगलेली. १७६८ साली निघालेल्या या संस्थेच्या संस्थापकांत दोन बायका होत्या: अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. मग चित्रात त्या कुठायत? उजवीकडच्या भिंतीवर, फ्रेममध्ये! नग्न मॉडेल असलेल्या खोलीत बायकांनी बसणं शिष्टसंमत नव्हतं. म्हणून झोफनीने त्यांची पोर्ट्रेट्स टांगून हजेरी लावून टाकली.

प्रश्न नुसता मानापमानाचा नव्हता. त्या काळी सर्वांत वरचा दर्जा ऐतिहासिक-पौराणिक प्रसंगचित्रांना. त्यासाठी मानवी शरीर हातात बसायला हवं, आणि ते शिकायची जागा म्हणजे नेमकी हीच खोली. दार आपणच लावायचं आणि वर म्हणायचं, बायकांना हे जमत नाही बुवा!

कॉफमनने पुढे (१७७८-८०) अ‍ॅकॅडमीच्याच छतासाठी चार चित्रं काढली. त्यातल्या एकात एक स्त्री पुरुषी धडाच्या प्राचीन शिल्पावरून रेखाटन करतेय. जिवंत मॉडेल नाही, तर दगडी! मला तरी हे सणसणीत उत्तर वाटतं.

पुढची गोष्ट आम्हा प्रोग्रॅमर लोकांना आवडेल अशी. १८६० मध्ये लॉरा हर्फर्डने अ‍ॅकॅडमीच्या शाळेत प्रवेशासाठी रेखाटनं पाठवली, सहीत पहिलं नाव पूर्ण न लिहिता. पुरुष समजून प्रवेश मिळाला. उलगडा झाल्यावर पंचाईत अशी, की बायकांना मनाई करणारा नियमच कुठे नव्हता. त्या येतील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

तरी जिवंत मॉडेलचा वर्ग त्यांना १८९३ पर्यंत बंदच होता. तेव्हाही मॉडेलच्या कमरेला कापड हवंच. आणि कॉफमन-मोझरनंतरची पहिली पूर्ण सभासद? लॉरा नाइट, १९३६. म्हणजे १६८ वर्षं. पहिली स्त्री अध्यक्ष, रेबेका सॉल्टर, निवडून आली २०१९ च्या डिसेंबरात.

"आमच्याकडे कुणाला मनाई नाही, बायकाच अर्ज करत नाहीत" हे वाक्य आपल्या मीटिंगांमध्येही ऐकू येतं. अशा वेळी नियमांची फाइल उघडण्यात अर्थ नसतो. काम जिथे शिकलं जातं त्या खोलीत कोण कोण बसलंय, ते मोजावं.