देहूरोडचे भाषण शोधल्यावर सापडत का नाही?

25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पिंपरी-चिंचवडच्या आपल्या पोरांना ही तारीख पाठ आहे. पण त्या दिवशी ते काय बोलले, असे विचारले की व्हॉट्सअ‍ॅपवरचे एखादे सुविचाराचे चित्र पुढे येते. बाबासाहेबांची मराठी भाषणे महाराष्ट्र शासनाने खंड 18 मध्ये तीन भागांत छापली आहेत. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ उघडून त्यात ‘देहूरोड’ टाइप करा. बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही, कारण ती पीडीएफ म्हणजे नुसते पानांचे फोटो असतात. माणसाला अक्षर दिसते, यंत्राला ठिपके.

हे काम इंजिनिअर लोकांचे आहे म्हणून सोडून देता येणार नाही. बाबासाहेबांच्या नावावर रोज नवी वाक्ये खपवली जातात, आपले विरोधक खपवतात आणि आपलेही. ती खोडायची तर मूळ पान लागते. चाकणला पाळी करून रात्री खोलीवर आलेला कंत्राटी कामगार हजारो पाने चाळणार कधी?

मराठीची लिपी अवघड आहे, ही सबब मला मान्य नाही. चिनीकडे बघा. 1992 साली युनिकोडमध्ये चिनी वळणाची 20,902 अक्षरे घेतली गेली. देवनागरीच्या मूळ तक्त्यात जागाच 128. तरीही तैवानमधल्या बौद्धांनी 1998 साली संस्था उभी करून चिनी त्रिपिटक शोधता येईल, कॉपी करता येईल अशा मजकुरात आणायला घेतले. जी दुर्मीळ अक्षरे संगणकात नव्हतीच, ती कोणत्या तुकड्यांची बनली आहेत हे लिहून ठेवले, पण पान सोडले नाही. इतके लांब जायचे नसेल तर आपल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक देवनागरीतून सीडीवर आणलेच होते. म्हणजे बुद्धवचन चिनीत सापडते, पालीत सापडते. बाबासाहेबांचे मराठी तेवढे फोटोत अडकले आहे.

मराठीत हे का बिघडले, त्याचा इतिहास पुण्याचाच आहे. सी-डॅक पुण्यात 1988 साली सुरू झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 साली आले आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली आहे. पाया होता. पण छपाईच्या दुकानांत चालले ते श्री-लिपीसारखे फॉन्ट. त्यांचे काम कागदावर सुबक दिसण्याचे होते, आणि ते त्यांनी चोख केले. आत मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. ‘पिंपरी’ लिहिताना वेलांटी आधी, प नंतर. युनिकोडमध्ये प आधी, वेलांटी नंतर. म्हणून अशी फाइल दुसरीकडे चिकटवली की पिंपरीचा कचरा होतो. आपल्या कित्येक स्मरणिका, पुस्तिका, कवितासंग्रह अशाच फायलींत आहेत.

आज फोटोतली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, मराठीत फुकट मिळते. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. पुसट छपाईत ते घ आणि ध यांची गल्लत करते, जोडाक्षर मोडते. शिवाय ‘मूकनायक’ 1920 चा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गाळलेले अनुस्वार तिथे जागच्या जागी आहेत. ‘काही’ शोधाल तर ‘कांहीं’ निसटेल, ‘नाव’ शोधाल तर ‘नांव’. मूळ पान बदलायचे नाही, शोधताना दोन्ही रूपे टाकायची. अ ला काना जोडून लिहिलेले ‘अांबेडकर’ दिसायला तेच, पण यंत्रासाठी वेगळेच नाव. टाइप करणाऱ्यांनी एवढे तरी सांभाळावे.

बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या रखडलेल्या छपाईची 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छपाईचीच ही गत असेल, तर शोधता येणाऱ्या मजकुराची मागणी आपण केल्याशिवाय होणार नाही. ती शासनाकडे लेखी करू. तोवर प्रत्येक मंडळाने आपल्या स्मरणिकेची मूळ फाइल डीटीपीवाल्याकडून मागून घ्यावी, त्याचा जुना संगणक भंगारात जाण्याआधी. आणि देहूरोडच्या भाषणापासून सुरुवात करावी: एकाने टाइप करायचे, दुसऱ्याने छापील पान शेजारी ठेवून ताडायचे, प्रत्येक परिच्छेदाला खंड, भाग आणि पान क्रमांक लावायचा.