न झालेल्या रस्त्याची गोष्ट

इतिहास म्हटलं की काय काय बांधलं गेलं तेच आपल्याला आठवतं. किल्ले, देवळं, पूल वगैरे. पण एखादी गोष्ट बांधली गेली नाही, हाही इतिहास असतो राव! सिसिलीतलं झिंगारो अभयारण्य बघून आल्यापासून मला हे पक्कं पटलंय.

बेटाच्या वायव्येला स्कोपेल्लो आणि सान व्हितो लो कापो या गावांच्या मधे हा सुमारे ७ किलोमीटरचा खडकाळ किनारा. वर चुनखडीचे कडे, खाली निळंशार भूमध्य सागर. १९७०च्या दशकात इथून गाडीरस्ता काढायला सुरुवात झाली. रस्त्यामागून हॉटेलं आणि बंगले येतात, हे सांगायला नकोच. मग १८ मे १९८० या दिवशी, रविवारी, हजारो लोकांनी इथे पायी मोर्चा काढला. काम थांबलं. ६ मे १९८१ च्या कायद्याने हे सिसिलीतलं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र झालं. आजही आत फक्त पायीच जाता येतं. स्कोपेल्लोकडून शिरताना लागणारा बोगदा मात्र त्याच अर्धवट रस्त्याचा!

आता दुसरी बाजू. हा किनारा काही निर्मनुष्य नव्हता. इथल्या उझ्झो गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली सापडली आहेत. अगदी अलीकडेपर्यंत लोक इथे शेती करत, गुरं पाळत, ट्यूना मासे पकडत, खुज्या ताडाच्या पानांच्या टोपल्या नि झाडू वळत. आज त्यांच्या काही घरांत छोटी संग्रहालयं आहेत. आजारी माणसाला डोंगरवाटेने न्यावं लागणाऱ्याला रस्ता हवासा वाटला, तर त्याला नावं कशी ठेवणार? आपण काय, दोन तास चालणार, फोटो काढणार आणि परत फिरणार.

तरीही माझं मत मोर्चावाल्यांच्याच बाजूने. कारण साधं आहे. आमच्या धंद्यात नवं व्हर्जन गंडलं तर रोलबॅक करता येतं. ऑगस्ट २०२० मध्ये वणव्याने झिंगारोचा मोठा भाग जळाला. खुजा ताड जळाला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. सुरुंगाने फोडलेला कडा मात्र पुन्हा उगवत नाही. रस्ता नंतर कधीही बांधता येतो, किनारा नाही.

तुम्हाला काय वाटतं?