थाळनेरचा दिंडी दरवाजा

दिवाळी आली की मुले अंगणात मातीचे किल्ले करू लागतात. तट थापले जातात, बुरुजांना चुना लागतो, मोहरी पेरून रान उगवले जाते आणि बाजारातून आणलेले मावळे जागोजाग उभे राहतात. या किल्ल्यांचे एक मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. इतकी सिद्धता होते, पण त्यांच्यावर लढाई कधीच होत नाही. शत्रूची बाजू कोणी मांडतच नाही. भाऊबीज उलटली की किल्ला हळूहळू ढासळतो आणि मावळे खोक्यात जातात.

गेल्या दिवाळीत माझा नातू धुळ्यास आला, तो मात्र दोन्ही बाजूंची सेना बरोबर घेऊन आला. तो महाविद्यालयात शिकतो. जेमतेम बोटाच्या पेराएवढे घोडेस्वार त्याने भिंगाखाली धरून रंगवले होते. बेत होता १९२० सालच्या पोलंड-रशिया युद्धाचा. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला कोमारूव येथे पोलिश घोडदळ आणि बुद्योन्नीचे लाल घोडदळ यांची गाठ पडली. ती लढाई त्याला आमच्या ओसरीवरच्या लाकडी दिवाणावर मांडावयाची होती.

हा नुसता पोरखेळ समजू नये. प्रशियात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली अशा डावाचे नियम छापले आणि तेथील लष्कराने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. पुढे १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने शिशाच्या शिपायांनी खेळण्याच्या लढायांवर एक छोटेखानी पुस्तकच लिहिले. जमीन प्रमाणात काढावयाची, एक सोंगटी म्हणजे किती माणसे ते ठरवावयाचे, कूच किती बोटांची, तोफेचा पल्ला किती वितींचा, हे सगळे आधी बांधून घ्यावयाचे, आणि जे उरेल ते फाशावर सोपवावयाचे. इतिहास वाचताना आपण ज्या गोष्टी सहज ओलांडून जातो, त्या येथे एकेक करून ठरवाव्या लागतात.

रात्री जेवणे झाल्यावर त्याने मला त्या युद्धाची हकीकत सांगितली. ऑगस्टच्या मध्यास तुखाचेव्हस्कीच्या फौजा वॉर्साच्या वेशीशी येऊन ठेपल्या होत्या. बुद्योन्नीचे घोडदळ दक्षिणेस ल्वुवजवळ अडकून पडले आणि वेळेवर आले नाही. पिल्सुद्स्कीने १६ तारखेस बगलेवरून मुसंडी मारली आणि डाव फिरला. “पण आजोबा, खरी गंमत निराळीच आहे,” तो म्हणाला. “रशियनांचे बिनतारी संदेश पोलिश लोक उलगडून वाचत होते. यान कोवालेव्हस्की नावाच्या अधिकाऱ्याने ते काम उभे केले होते. शत्रूचा शब्द त्यांना कळत होता. आता हे सोंगट्यांत कसे दाखवायचे, तेच मला सुचत नाही.”

त्याचे ते वाक्य ऐकून मला एकदम थाळनेरची आठवण झाली. मी म्हणालो, “अरे, पोलंड राहू दे. शब्द न कळल्यामुळे काय होते, हे पाहायचे असेल तर शिरपूर तालुक्यात चल. लढाईही लहान आहे, दिवाणावर मावेल.”

थाळनेर तापीच्या उत्तर तीरावर आहे. खानदेशच्या फारुकी घराण्याची ही पहिली राजधानी. चौदाव्या शतकात मलिक राजाने येथे आपले बस्तान बसवले. १३९९ साली तो वारला. त्याचा मुलगा नसीर खान याने पुढे असीरगड बळकावला, बऱ्हाणपूर वसवले आणि राजधानीचे वैभव तिकडे गेले. थाळनेरला मागे उरल्या त्या फारुकींच्या कबरी. दोनच दिवसांनी आम्ही आजोबा-नातू तेथे जाऊन आलो. तटाची पडझड झाली आहे, पण नदीकडची बाजू पाहिली म्हणजे जागा निवडणाऱ्याची नजर अजूनही कळते.

लढाईच्या वेळचे वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यावर भिस्त ठेवून आम्ही किल्ला मांडू लागलो. एक बाजू थेट नदीतून वर चढलेली. उरलेल्या तिन्ही बाजूंना शंभर ते दीडशे यार्ड रुंदीची खोलगट घळ. त्या घळीवर तट सुमारे ६० फूट उंच. आत शिरण्याची वाट एकच, पूर्वेकडून, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे. दोन दरवाजांच्या मधली वाट सरळ नाही. ती वळणे घेत, चढत चढत वर जाते आणि दोन्ही अंगांना भिंती. अंगणातली माती, विटांचे तुकडे आणि घळीसाठी उलटे घातलेले जुने पत्रे एवढ्यावर काम झाले. तापी म्हणून आजीची निळी शाल आली, ती मात्र विचारून घेतली होती.

आता हा प्रसंग उद्भवला कसा? २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. त्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला आणि त्यात थाळनेरही गेले. सेनापती सर थॉमस हिस्लॉप माळव्यातून दक्षिणेस परतत होता. वाटेत सेंधव्याच्या किल्लेदाराने न लढता किल्ला सोडला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी फौज थाळनेरसमोर आली, तेव्हा तटावरून गोळीबार झाला. किल्लेदार होता तुळशीराम मामा. हिस्लॉपने निरोप धाडला की हा किल्ला तहाने आमचा झाला आहे, लढाल तर बंडखोर समजून शासन करू. गोळीबार थांबला नाही.

येथवर नातवाचे नियम सुरळीत चालले. इंग्रजांकडे सहा पौंडी १० तोफा, २ आखूड नळीच्या गर्नाळी तोफा आणि काही अग्निबाण. तटावर मुख्यतः अरबांची शिबंदी, सुमारे ३०० माणसे. तोफांचा पल्ला, तटाची उंची आणि घळ ओलांडताना होणारी हानी, सारे कागदावर बसले. दहा माणसांस एक सोंगटी असे प्रमाण धरले. म्हणजे शिबंदीच्या ३० सोंगट्या झाल्या. मावळ्यांनाच त्या दिवशी अरब व्हावे लागले.

तोफांच्या माऱ्यानंतर रॉयल स्कॉट्स व मद्रास युरोपियन या पलटणींतल्या निवडक तुकड्या पूर्वेच्या वाटेने पुढे गेल्या. पहिल्या दरवाजाशी भिंत आणि चौकट यांच्यामध्ये फट पडली होती, तीतून माणसे आत शिरली. दुसऱ्याशी कोणी अडवले नाही. तिसऱ्या दरवाजाशी खुद्द किल्लेदार बाहेर आला. त्याच्याबरोबर पेठेतले काही वाणी होते. आदल्या संध्याकाळी त्यांना जबरीने किल्ल्यात नेले होते. किल्लेदाराने स्वतःस इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले.

“मग संपली की लढाई!” नातू म्हणाला. “किल्लेदार पकडला म्हणजे डाव संपला.”

बुद्धिबळाच्या पटावर असेच आहे. थाळनेरला तसे झाले नाही. चौथा दरवाजाही ओलांडला गेला आणि पलटणी पाचव्याशी आल्या. तो बंद होता, पण त्यातली दिंडी उघडी होती. आत अरब होते आणि ते अजून अटी मागत होते. थोडा वेळ बोलणे झाले. मग लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, मेजर गॉर्डन, आणखी दोन-तीन अधिकारी आणि दहा-बारा शिपाई त्या दिंडीतून वाकून आत गेले. त्यानंतर जे झाले त्याचे कारण आजवर कोणास नक्की सांगता आलेले नाही. हत्यारे टाका असे सांगितले ते अरबांना समजले नाही, की मागितलेल्या अटी मान्य झाल्या असे त्यांनी धरले, की दगा होतो आहे असे त्यांना वाटले? कोणी म्हणतात, अरबांनीच दगा केला. एवढे खरे की क्षणात तलवारी व जंबिये चालले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले, मरे जखमी झाला. बाहेरच्या तुकड्या दरवाजातून आत घुसल्या आणि त्यांनी शिबंदी कापून काढली. सुमारे ३०० माणसे मारली गेली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिले.

दिवाणापुढे आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो होतो. अडचण साधी होती. एक सोंगटी दहा माणसांची, आणि ज्या जागी सगळे ठरले तेथे एका वेळी एकच माणूस वाकून जाऊ शकत होता. शंभर यार्डांची घळ आम्ही मांडली होती. तीन फुटांची दिंडी आमच्या प्रमाणात मावतच नव्हती. तोफांना नियम होते, कूच करण्यास नियम होते, पण दाराशी झालेल्या बोलण्यास एकही नियम नव्हता. त्या दाराशी बाहेर इंग्रजी बोलणारे अधिकारी, आत अरबी बोलणारे शिपाई, कैदेत असलेला किल्लेदार मराठी मुलखाचा, आणि या सर्वांमध्ये मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीचा एक अरुंद पूल. सारी लढाई त्या पुलावर उभी होती.

शेवटी वाट सापडली ती प्रशियाच्याच डावात. तेथे दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून मधल्या पंचाकडे देत आणि पंच ते पुढे पोचवी. आम्ही या पंचाला दुभाषी केले. शेजारचा एक मुलगा त्या कामावर बसवला. दोघांनी आपापला निरोप चिठ्ठीवर लिहावयाचा. दुभाष्याने फासा टाकावयाचा. चांगले दान पडले तर निरोप जसाच्या तसा वाचावा, मधले पडले तर त्यातला एक शब्द गाळावा, वाईट पडले तर निम्मा निरोप गिळावा. तो मुलगा हे काम इतक्या गंभीरपणे करू लागला की आम्हांला हसू आवरेना. पण तिसऱ्या खेपेस ‘हत्यारे ठेवा, जीव वाचेल’ या नातवाच्या चिठ्ठीतले शेवटचे दोन शब्द गळाले आणि शिबंदीची बाजू घेऊन बसलेल्या माझ्यापर्यंत फक्त ‘हत्यारे ठेवा’ एवढेच आले. परक्या मुलखात, धनी कैद झालेला, दार उघडे, आणि समोरून एवढाच हुकूम. मी काय केले असते? खरे सांगतो, मी हत्यार ठेवले नाही.

फौजेची संख्या, तोफा आणि तट यांनी लढाया जिंकल्या वा हरल्या जातात, असे आपण शाळेत शिकतो. थाळनेरचा किल्ला तिसऱ्या दरवाजाशीच पडला होता. पुढे जे तीनशे जीव गेले, ते जिंकण्याहरण्याच्या हिशेबात बसत नाहीत. ते एका न समजलेल्या वाक्याचे मोल होते.

याची दुसरी बाजू त्याच वर्षी, तेव्हा खानदेशात मोडणाऱ्या मालेगावी दिसून आली. नारो शंकरांनी बांधलेल्या त्या भुईकोटात अशीच अरबांची शिबंदी होती. मे महिन्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलने वेढा घातला, तो जूनच्या मध्यापर्यंत चालला. इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. अखेर किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले आणि अरब शरण येण्यास तयार झाले. पण नुसत्या तोंडच्या शब्दावर ते येईनात. त्यांनी लेखी अभय मागितले. थाळनेरला जाऊन चारच महिने झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हट्टाचा अर्थ कळतो. कागद मराठीत लिहिला गेला. मुनशीच्या लेखणीतून तो असा उतरला की शिबंदीच्या हिताचे असेल ते सर्व करू, असा त्याचा अर्थ निघावा. सेनापतीच्या मनात होते त्याहून हे वचन मोठे होते. वाद झाला, पण अखेर कागद लिहिला तसाच पाळावा असे ठरले आणि अरब सुटले. एका ठिकाणी शब्द उणा पडला आणि माणसे मेली. दुसऱ्या ठिकाणी शब्द अधिक पडला आणि माणसे जगली.

थाळनेरची गोष्ट विलायतेतही गाजली. शरण आलेल्या किल्लेदारास फाशी देण्याचा अधिकार कोणता, हा प्रश्न विचारला गेला. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटाने मराठ्यांविरुद्ध लढलेल्या फौजेचे आभार मानले, तेव्हा हे आभार थाळनेरच्या प्रकरणास लागू नाहीत, असे मुद्दाम नमूद करण्यात आले. जिंकलेल्या सेनापतीच्या पदरात असा अपवाद सहसा पडत नाही. तुळशीराम मामाला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

आमचा डाव चार संध्याकाळी चालला. दोनदा किल्ला शांतपणे इंग्रजांच्या हाती आला, दोनदा कापाकापी झाली. प्रत्येक डावाच्या शेवटी नातवाच्या हातात किल्लेदाराची सोंगटी उरे. वेल्सच्या खेळातही युद्धकैद्याचे नियम आहेत. पकडलेला शिपाई डावाबाहेर काढून बाजूस ठेवतात. नातवाने चारही वेळा तुळशीराम मामाला तसेच बाजूला, पणतीजवळ, उभे केले. मी एकदा म्हटले, “इतिहासाप्रमाणे त्याला फाशी द्यायला हवे.” तो म्हणाला, “त्याने तिसऱ्या दरवाजाशीच हत्यार ठेवले, आजोबा. त्याच्या पुढचे त्याच्या अंगावर कसे येते?”

यावर मला उत्तर देता आले नाही. पार्लमेंटालाही दोनशे वर्षांपूर्वी देता आले नव्हते.

सुट्टी संपली आणि नातू परत गेला. पोलंडचे घोडेस्वार त्याने खोक्यात भरून नेले. पुढच्या दिवाळीस वॉर्साचा डाव मांडावयाचा आणि त्यातही मध्ये एक दुभाषी बसवावयाचा, असे ठरले आहे. पोलिश बाजूचा दुभाषी मात्र चोरून वाचणारा असेल. अंगणातला थाळनेरचा किल्ला आम्ही मोडला नाही. त्याचा तट आता खचला आहे. पाचव्या दरवाजातली दिंडी मी अधूनमधून बोटाने मोकळी करतो, नाहीतर ती मातीने बुजून जाते.