उष्णता-पंप, घरगुती : देखभाल व दुरुस्ती

बाहेरच्या हवेतील, जमिनीतील वा पाण्यातील अल्प तापमानाची उष्णता विजेच्या साहाय्याने उच्च तापमानास आणून घरात पोहोचविणाऱ्या यंत्रास उष्णता-पंप म्हणतात. आणि हे यंत्र काटकसरीने व दीर्घकाळ चालावे म्हणून गृहस्थाने व परवानाधारक कारागिराने आपापल्या मर्यादेत करावयाची सफाई, तपासणी व दुरुस्ती यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या यंत्राचा प्रसार नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या शीत देशांत विशेष झाला असल्यामुळे येथील विवेचन मुख्यत्वे तेथील हवेतून उष्णता घेणाऱ्या संचांना अनुलक्षून आहे. तथापि महाराष्ट्रातील घरांत आढळणारा स्प्लिट एसी याच चक्रावर चालत असल्याने त्यातील पुष्कळसा भाग त्यासही लागू पडतो.

या यंत्राची कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्ये मांडली. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली बसविलेला पंप लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेत असे आणि तो २००१ पर्यंत सेवेत होता. योग्य निगराणीखाली हे यंत्र किती टिकू शकते याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल. बाष्पक, कॉम्प्रेसर, संघनक व प्रसरण-झडप या चार अंगांतून प्रशीतक द्रव्य अखंड फिरत राहते, आणि सौम्य थंडीत खर्च झालेल्या विजेच्या सुमारे तिप्पट ते चौपट उष्णता घरास मिळते.

देखभालीची खरी निकड या गुणोत्तरातच आहे. भट्टी विझली की घर गार पडते आणि दोष तत्काळ उघडकीस येतो. उष्णता-पंपाची कार्यक्षमता मात्र नकळत घटत जाते, कारण पाणी तापविणाऱ्या बहुतेक संचांत जोडलेला पूरक विद्युत्-तापक उणीव भरून काढीत राहतो, घर पूर्ववत उबदार असते, आणि बिघाडाची पहिली वर्दी विजेच्या देयकातून मिळते. म्हणून हंगामाच्या आरंभीच एखाद्या दिवशी बाहेरचे तापमान, जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याचे तापमान आणि पूरक तापकाचे चाललेले तास यांची नोंद करून ठेवावी व तशाच थंडीच्या दिवशी ती पुन्हा पडताळून पाहावी. ज्या घरात असे दप्तर राखले जाते तेथे कारागिराचे निम्मे काम आधीच झालेले असते.

गृहस्थाच्या कामांत फिल्टरच्या सफाईस अग्रस्थान द्यावे लागते. आतील संचाचे झाकण उघडून जाळी बाहेर काढावी, कोमट पाण्याने धुवावी व सावलीत पूर्ण सुकवूनच परत बसवावी. हंगामात हे महिन्याकाठी एकदा तरी व्हावे. जाळी तुंबली की संघनकावरून जाणारी हवा कमी होते, प्रशीतकाचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसरवर अकारण भार पडतो. बाहेरच्या संचावर वसंतात भूर्जवृक्षांचे पराग व शरदात पाने साचतात. तो धुताना प्रथम वीज तोडावी आणि साध्या नळीने, शक्य तेथे आतून बाहेरच्या दिशेने, पाणी सोडावे. जोरदार फवाऱ्याच्या यंत्रास मात्र सक्त मनाई असावी, कारण कॉइलवरील अॅल्युमिनियमच्या पट्ट्या इतक्या पातळ असतात की बोटाच्या दाबानेही त्या वाकतात, आणि वाकलेल्या पट्ट्या सरळ करण्याची खास फणी असली तरी ते काम फार चिकाटीचे आहे.

हिवाळ्यातील हिम-विसर्जनाची क्रिया नवख्या गृहस्थास भयभीत करते. तापमान शून्याच्या आसपास व हवा दमट असता बाहेरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. तेव्हा पंखा एकाएकी थांबतो, चतुर्मार्गी झडप सुस्कारा टाकून उलटते, उष्ण प्रशीतक बाहेरच्या कॉइलमध्ये शिरते, आणि काही मिनिटे संचातून वाफेचा लोट उठत राहतो. तो धूर नव्हे. पाणी ठिबकून गेल्यावर पंखा पुन्हा सुरू होतो. बर्फाचा टणक थर अनेक चक्रांनंतरही कायम राहिल्यास मात्र संवेदक, झडप वा निचरा यांपैकी कशात तरी दोष आहे असे समजावे, आणि तो थर हत्याराने फोडण्याचा मोह टाळावा. विसर्जनाचे पाणी खालीच गोठून वर चढत येते, म्हणून संच जमिनीपासून पुरेशा उंच चौकटीवर बसविण्याचा शिरस्ता आहे. कडाक्याच्या थंडीत वीज दीर्घकाळ बंद राहिली असल्यास ती आल्याबरोबर यंत्र चालवू नये. कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळलेले प्रशीतक तळाच्या तापकाने निघून जाण्यास काही तास लागतात, अन्यथा तेल फेसाळून धारव्यांस वंगण मिळत नाही.

पाणी फिरविणाऱ्या संचांत गाळणी व चुंबकीय फिल्टर वर्षातून एकदा साफ करावेत आणि थंड स्थितीतील दाब सामान्यतः १ ते १.५ बार आहे याची खातरजमा करावी. साठवणीच्या टाकीतील पाणी ठरावीक मुदतीने ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविणे लीजिओनेला जिवाणूंच्या बंदोबस्तासाठी इष्ट असते.

प्रशीतकाच्या बाबतीत एका गैरसमजाचा स्पष्ट निषेध करणे आवश्यक आहे. आपल्याकडे दर उन्हाळ्यात एसीत ‘गॅस भरून घेण्याची’ जी रूढी पडली आहे ती तत्त्वतः चुकीची होय. प्रशीतकाचे मंडल बंदिस्त असते, त्यातील द्रव्य वापराने संपत नाही, आणि ते कमी झाले असेल तर गळती आहे एवढाच त्याचा अर्थ. गळती शोधून बुजवावी, नायट्रोजनच्या दाबाखाली परीक्षा घ्यावी, मंडल निर्वात करावे, आणि मगच उत्पादकाने नेमून दिलेले वजन तराजूने मोजून भरावे. हे काम प्रमाणपत्रित कारागिराचेच आहे. आर-४१०ए या द्रव्याच्या १ किलोचा तापनप्रभाव २ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका असतो. ज्या संचांतील द्रव्याचा प्रभाव ५ टनांवर जातो त्यांची वर्षातून निदान एकदा गळती-तपासणी करण्याचे बंधन युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाने घातले. कारखान्यातच मोहोरबंद केलेल्या संचांस ही मर्यादा १० टनांची ठेवली होती. बहुतेक घरगुती यंत्रे या मर्यादेखालीच राहतात, तेव्हा तेथे कायद्याची वाट न पाहता गृहस्थाने ही तपासणी आपणहून करवून घ्यावी. अलीकडे प्रचारात येणाऱ्या आर-२९० म्हणजे प्रोपेन या द्रव्याचा तापनप्रभाव नगण्य असला तरी ते ज्वालाग्राही असल्यामुळे त्याच्या संचाजवळ ठिणगीची साधने वापरू नयेत, आणि हवेहून जड असलेला हा वायू साचू शकेल अशी तळघराची खिडकी, गटार वा खळगा संचाच्या निकट नाही हे प्रत्येक वार्षिक तपासणीत पाहिले जावे.