डॉटनंतरची तीन अक्षरं

कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत चित्रकथीच्या पोथ्या आहेत. त्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. अशा पोथीचे फोटो काढताना कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्हींवर ठेवावा. रॉमधून जुने रंग नंतर नीट सावरता येतात, जेपेग लगेच कुणालाही पाठवता येते. मग एका क्लिकला कार्डावर दोन फाइली पडतात: डीएससी_०४१२.एनईएफ आणि डीएससी_०४१२.जेपीजी. लाइटरूम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, त्यांना एकच फोटो धरतं. ही पाठीला पाठ लावणारी खळ म्हणजे फक्त सारखं नाव आणि एकच फोल्डर.

अनेकांना वाटतं, ही हुशारी लाइटरूमची. पण लाइटरूम आलं २००७ साली. डिसेंबर १९९८ मध्येच जपानच्या ‘जेईडा’ या संघटनेने डीसीएफ नावाचा नियम केला होता: चार अक्षरं, मग ०००१ ते ९९९९ हा क्रमांक, आणि एकाच फोल्डरमधल्या एकाच क्रमांकाच्या फाइली म्हणजे एक वस्तू. कॅननच्या २००० सालच्या ईओएस डी३० मध्ये रॉसोबत त्याच नावाची छोटी टीएचएम फाइल पडायची, ती याच नियमाने.

पण आठ अक्षरं, डॉट आणि तीन अक्षरं हा साचा डीसीएफने डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतला, आणि डॉसने गॅरी किल्डॉलच्या १९७४ च्या सीपी/एम या सिस्टिमकडून. इथवर वाद नाही. किल्डॉलने तीनच अक्षरं का ठेवली, यावर आहे.

एक मत असं, की सीपी/एमच्या फाइलींच्या यादीत प्रत्येक नोंदीला ३२ बाइट. त्यात नावाला अकरा बसले. हिशोब बरोबर आहे, पण अकराचे नऊ आणि दोनही झाले असते. माझ्या मते तीन आले ते डीईसी कंपनीच्या यंत्रांवरून. १९६४ चा पीडीपी-६ आणि त्यानंतरचा पीडीपी-१० यांचा ‘शब्द’, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो तुकडा, ३६ बिटांचा. एका अक्षराला सहा बिट धरले, की पूर्ण शब्दात सहा अक्षरांचं नाव बसतं आणि अर्ध्या शब्दात तीन अक्षरांचा प्रकार. किल्डॉलने फाइली हलवणारी ‘पिप’ ही आज्ञा डीईसीकडूनच घेतली, नावासकट. पिप घेणाऱ्याने डॉटनंतरची तीन अक्षरंही तिथूनच उचलली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावर कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय? फोटोत वेळ नोंदलेली असते, तिच्यावरून जोडी लावा. डिजिकॅम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये नावावरून आणि वेळेवरून, दोन्ही प्रकारे गट करता येतात. दशावतारातल्या युद्धनृत्याचे सलग फोटो वेळेवरून गटात टाकून पाहा: एकाच सेकंदातल्या पाच फ्रेम एका गठ्ठ्यात जातात. नावावरून लावलं, तर प्रत्येक रॉला तिचीच जेपेग मिळते.

म्हणून नाव बदलायचं तर दोन्ही फाइलींचं एकदम, मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधूनच बदलावं. क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. तेव्हा दोन कार्डांचे फोटो एका फोल्डरमध्ये ओतण्याआधी नावाला तारीख जोडावी. डॉटनंतरच्या अक्षरांना हात लावू नये. दोन फाइलींच्या नावांमधला फरक तेवढाच उरलेला असतो.