किर्लोस्करांचा लेथ
डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये ज्या लेथवर माझा हात बसला, त्यावर ‘किर्लोस्कर’ हे नाव होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलचा माळ दिला, तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९४१ मध्ये हरिहरला लेथचा कारखाना निघाला. यंत्रे घडवणारे यंत्र आपल्याच माणसांनी घडवले! हरिहरचा तो कारखाना आता बंद पडला. मी स्वतः सरकारी नोकरी धरली. आमच्या मांद्र्यातल्या एखाद्या मुलाला तरी कारखाना काढायची बुद्धी गणराय देवो.