मधल्या अक्षरांचा खेळ

शब्दकोश उघडायचा तर शब्दाचे पहिले अक्षर ठाऊक असावे लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या (पहिली आवृत्ती १८३१) नाहीतर इंग्रजीतला कुठलाही घ्या, दार एकच. पण समजा पहिले अक्षर माहीत नाही आणि मधली दोन-तीन अक्षरेच हाती आहेत, तर? तर कोश गप्प बसतो. आपले डोकेही असेच चालते. 'क'वरून शब्द सांगा म्हटले की मुले धडाधड सांगतात. पण 'जी' आणि 'पी' ही अक्षरे याच क्रमाने शेजारी-शेजारी असलेला इंग्रजी शब्द सांगा म्हटले, की भलेभले छताकडे बघू लागतात. तुम्हीही जरा बघा. उत्तर पुढे येईलच.

कोशाला दुसरे दार पाडायचा एक प्रयत्न फार पूर्वी झाला होता. जॉन वॉकर हा पूर्वाश्रमीचा नट, पुढे उच्चार आणि वक्तृत्व शिकवू लागला. त्याने १७७५ साली एक इंग्रजी कोश काढला. त्यात शब्दांची मांडणी शेवटच्या अक्षराकडून केली होती. कवींना यमक सापडावे, हा त्यातला एक हेतू. म्हणजे शब्दाचे डोके आणि शेपूट, दोन्हींची सोय झाली. पोट तेवढे राहिले!

त्या पोटाचा खेळ केला तो एका गणिताच्या मास्तराने. चार्ल्स डॉजसन म्हणजेच 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरोल. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात तो १८५५पासून गणित शिकवत असे. शब्दांचे त्याला वेड होते. १८७७च्या नाताळात दोन कंटाळलेल्या मुलींसाठी त्याने एक खेळ रचला. एका शब्दातले एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जायचे, आणि मधली प्रत्येक पायरी खरा शब्द हवी. त्यानंतर १८८१ साली 'मंथली पॅकेट' या मासिकात त्याचा 'मिशमॅश' नावाचा खेळ छापून आला. मूळ शब्द जर्मन. आपण म्हणू 'भेळ'. तरुणपणी भावंडांसाठी काढलेल्या हस्तलिखिताचेही त्याने हेच नाव ठेवले होते. योगायोग असा, की त्याच १८८१ साली त्याने शिकवण्याचे काम सोडले.

खेळ दोघांचा. एकाने दोन किंवा अधिक अक्षरांचा गट द्यायचा, दुसऱ्याने तो गट पोटात असलेला शब्द शोधायचा. शब्द चारचौघांच्या ओळखीचा हवा, विशेषनाम चालणार नाही. कॅरोलने स्वतः दिलेली उदाहरणे अशी: 'जी-पी'साठी मॅगपाय (एम-ए-जी-पी-आय-ई), 'ई-एम-ओ'साठी लेमन आणि 'आय-एम-एस-ई'साठी हिमसेल्फ.

मला त्यातला एक नियम फार आवडला. गट देणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही! आणि ठाऊक असले, तरी समोरच्याने तोच शब्द सांगावा असाही आग्रह नाही. शाळेत मास्तर प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याच्या खिशात असते. इथे दोघांचेही खिसे रिकामे. गणिताच्या मास्तराने असा नियम करावा, याचे मला कौतुक वाटते.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाची नोकरी गेली. वर्तमानपत्रात कुठले अक्षर किती वेळा येते ते मोजून त्याने अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ बनवला. १९४८ साली तोच 'स्क्रॅबल' झाला. शंभर सोंगट्यांत 'एस' फक्त चार ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून मोकळा झाला असता. मग संगणक आला. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसनने १९७३च्या सुमारास 'ग्रेप' नावाची आज्ञा तयार केली. दिलेली अक्षरे ज्या-ज्या ओळीत असतील त्या ओळी ती काढून देते. शब्दांची यादी तिच्यापुढे ठेवली की 'जी-पी'वाले सारे शब्द क्षणात हजर. कोशाला अखेर तिसरे दार मिळाले.

तुम्ही म्हणाल, मग आता खेळण्यात अर्थ काय?

माझी नात सिडनीला असते. वय वर्षे अकरा. रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही मिशमॅश खेळतो. इंग्रजी ती माझ्याहून कितीतरी सफाईने बोलते, पण खेळात मी तिला सहज हार जात नाही. कारण उघड आहे. तिला इंग्रजी कानाने आले, मला पाचवीपासून घोकून आले. 'यू-एन-के-एन-ओ-डब्ल्यू-एन, अननोन, म्हणजे अज्ञात' असे आम्ही सुरात म्हणायचो. त्या पाठांतराला पुढे सगळ्यांनी नावे ठेवली. पण 'एन-के-एन' दिले की मला तो 'के' दिसतो, तिला तो ऐकूच येत नाही! 'बी-टी'चा डेट, 'एस-एल'चा आयलंड, सगळे तसेच. एकदा मी 'डी-एन-ई' दिले, तिने वेन्सडे सांगितले. विशेषनाम म्हणून मी बाद केले. त्यावर बराच वाद झाला.

मग तीच म्हणाली, "आजी, आता मराठीत."

आपल्याकडे भेंड्या आहेतच, पण त्या शेवटच्या अक्षरावरून पहिल्या अक्षराकडे जातात. 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, म्हणून 'ळ' आला की बिचाऱ्याचा 'ल' करून घ्यायचा. मिशमॅशमध्ये मात्र 'ळ'ला मानाचे पान. आम्ही काना-मात्रा सोडून द्यायच्या असे ठरवले आणि मी 'ळ-व' दिले. माझ्या मनात चळवळ आणि कळवळा होते.

नातीला मराठी वाचता येत नाही, घरात बोलतात तेवढीच तिची मराठी. ती पुटपुटत बसली. मला वाटले, आता भेंडी चढणार. तेवढ्यात म्हणाली, "हळवी! आई म्हणते ना, आजी फार हळवी आहे."

हा शब्द माझ्या मनात नव्हता. कॅरोलच्या नियमाने तिला गुण मिळाला. तेव्हापासून मी तिच्या वाचनाची काळजी थोडी कमी करते. जी भाषा तिला अक्षरांतून दिसत नाही, ती तिला ऐकू येते आहे. संगणक 'ळ-व'चे शेकडो शब्द देईल, पण कुठला शब्द कुठल्या घरात कोणाबद्दल बोलला जातो, ते तो कुठून सांगणार?

असो. आता तुमची पाळी. इंग्रजीत 'डब्ल्यू-के' आणि मराठीत 'ळ-ख'. इंग्रजीचे माझ्याकडे दोन शब्द आहेत, मराठीचा एक. तुमचे वेगळे निघाले तर जरूर कळवा, गुण तुम्हालाच.